साडेचार तास थांबलेले भावोजी

आमचे भावोजी एका जागी साडेचार तास थांबले होते, असा आरोप त्यांच्यावर उभ्या आयुष्यात एकदाच झाला, आणि तो करणारी कंपनी त्यांना ओळखत नव्हती. ओळखत असती तर तिने आधी आपला कॅमेरा दुरुस्तीला पाठवला असता. खोटं वाटत असेल तर ताईला विचारा. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, त्यांची बायको. लग्नात सप्तपदीला या माणसाने अशी काही चाल धरली की शेल्याची गाठ सुटली आणि भटजींना मंत्र अर्ध्यावर टाकून "अहो जावईबापू, सावकाश!" असं साध्या मराठीत ओरडावं लागलं. मी तेव्हा कॉलेजात होते, करवली म्हणून मागे उभी होते, आणि हसता हसता माझ्या हातातली तांदळाची वाटी सांडली होती. तेव्हापासून हा माणूस पुढे आणि ताई मागे, असाच त्यांचा संसार पुण्याहून लंडनजवळच्या वॉटफर्डपर्यंत आला.

मी राहते लंडनात ईलिंगला, कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, हाउसिंग ऑफिसात काम करते, आणि महिन्यातला एखाददुसरा रविवार तरी वॉटफर्डला ताईकडे असते. इतक्या वर्षांत मी भावोजींना सोफ्यावर बसलेलं पाहिलेलं नाही. ते टेकतात. तेही सोफ्याच्या हातावर, किल्ल्या मुठीत, एक पाय दाराच्या दिशेने. चहा उभ्याने पितात, आणि तो निवेपर्यंत थांबवत नाही म्हणून त्यात अर्धा कप थंड दूध ओतून घेतात. त्या प्रकाराला चहा म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. सिनेमा संपायच्या आधी उठतात, कारण संपल्यावर कार पार्कमधून बाहेर पडायला गर्दी होते. त्यामुळे त्यांनी एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही. खुनी कोण निघाला ते त्यांची मुलगी मीरा त्यांना दुसऱ्या दिवशी सांगते. फोन 'ठेवतो' म्हणायच्या आधीच ठेवतात. लाल सिग्नल दिसला की डावीकडे वळतात, मग तो रस्ता कुठे का जाईना. "थांबण्यापेक्षा चाललेलं बरं," हे त्यांचं ब्रीदवाक्य. एकदा मला ईलिंगला सोडायला म्हणून निघाले आणि सिग्नल चुकवत चुकवत आम्ही दोघं पार पलीकडच्या स्लाउला पोचलो. रस्ता सांगणारं सॅटनॅव तेव्हा नवीनच घेतलं होतं. त्यातली बाई बिचारी "मागे वळा, मागे वळा" म्हणून काकुळतीला आली होती आणि भावोजी तिला "हो गं बाई, हो" म्हणत पुढेच जात होते. मीरा इथेच जन्मलेली, तिचं मराठी तिच्या सोयीचं. ती मला म्हणाली होती, "मावशी, बाबा इज लाइक पाहुणी. इन हिज ओन हाउस." व्याकरण सोडा, पण पोरीने बाप बरोबर ओळखला होता.

अशा माणसाला त्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीने गाडी दिली. चंदेरी, ऐसपैस, सात जण बसतील अशी. ती भावोजींची नव्हती आणि त्यांच्या कंपनीचीही नव्हती. एका लीजवाल्या कंपनीकडून भाड्याने घेतलेली. कागदोपत्री गाडी लीजवाल्यांच्या नावावर, पण वॉटफर्डच्या मराठी माणसांना विचाराल तर ती सार्वजनिक मालमत्ता. हीथ्रोला कुणाची सासू उतरतेय? भावोजी. कुणाच्या बायकोला कळा सुरू झाल्यात? भावोजी. मंडळाचा गणपती, मसालेभाताची पातेली, नव्याने आलेल्या पोरांच्या गाद्या, सगळं त्या गाडीतून. नाही म्हणणं त्यांना येत नाही आणि थांबणंही येत नाही. त्यामुळे माणूस दारात उतरवायचा, बॅगा फुटपाथवर ठेवायच्या आणि आतून "अहो, चहा तरी घ्या" असं ऐकू यायच्या आत पहिला गिअर टाकायचा. माझ्या डोक्यात तिडीक जायची. "भावोजी, लोकांना वाईट वाटतं हो," असं मी किती वेळा सांगितलं असेल. "वाईट कसलं? काम झालं ना त्यांचं?" असं म्हणेपर्यंत ते माझ्याही दारातून निघालेले असायचे.

आता त्यांच्या कंपनीचा एक नियम होता. वर्षात पार्किंगच्या तीन नोटिसा आल्या की लीजची गाडी परत, आणि पुढे वर्षभर दुसरी मागायची नाही. दोन आधीच येऊन गेल्या होत्या. एक विमानतळावर, कुणाच्या तरी आजींना व्हीलचेअरपर्यंत पोचवताना. दुसरी हॉस्पिटलच्या आवारात, त्या कळा सुरू झालेल्या बाईपायी. (मुलगी झाली. गोड आहे.) भावोजी त्या दोन्ही नोटिसा विसरूनही गेले होते. विसरायलासुद्धा त्यांना वेळ लागत नाही.

तिसरी आली ती दसऱ्यामुळे. त्या वर्षी दसरा रविवारी होता. इथे आपट्याचं झाड कुठून आणणार? पण लायब्ररीच्या मागे भावोजींनी एक झुडूप हेरून ठेवलंय, त्याचं पान डोळे बारीक करून पाहिलं तर आपट्यासारखं दिसतं. दर दसऱ्याला त्या पानांची पिशवी घेऊन ते घरोघरी सोनं वाटायला जातात. जातात म्हणजे काय, पोस्टमन परवडला! बेल, पान हातावर, वाकून नमस्कार, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा," आणि बाहेर गाडी चालूच. त्या दिवशी सकाळी आधी ते रिटेल पार्कातल्या, म्हणजे मोठ्या दुकानांच्या आवारातल्या, दुकानात फुलं आणायला गेले, कारण संध्याकाळी गाडीची पूजा करायची होती. झेंडू मिळत नाही, पिवळ्या शेवंतीवर भागवतो आम्ही. आत गेले, रांग बघितली आणि तसेच बाहेर पडले. मग चार घरं केली. दुपारी घरी पोचले तर ताई म्हणाली, "फुलं?" पुन्हा रिटेल पार्क. या खेपेला मुकाट्याने फुलं घेतली. संध्याकाळी गाडीला हार घातला, कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू चिरडलं, सगळं यथासांग झालं. आणि ज्या गाडीच्या पूजेसाठी ही धावाधाव केली तिच्याच नावाने दोनतीन आठवड्यांनी नोटीस हजर.

नोटिशीत रिटेल पार्कच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याने काढलेले दोन फोटो होते. एकात सकाळी गाडी आत येताना, दुसऱ्यात दुपारी बाहेर जाताना, आणि खाली लिहिलेलं की आपण इथे साडेचार तास होतात. मर्यादा दोन तासांची. सकाळी फुलं न घेता गाडी बाहेर पडली होती ते कॅमेऱ्याला दिसलंच नव्हतं. का दिसलं नाही ते मला विचारा, मी त्यांच्या शेजारी बसून जीव मुठीत धरून प्रवास केलेला आहे. बाहेर पडताना भावोजी पुढच्या व्हॅनला इतके चिकटून जातात की त्यांची नंबरप्लेट ब्रह्मदेवालाही वाचता येणार नाही. ते बाहेर पडलेले दिसले नाहीत म्हटल्यावर यंत्राने पहिलं आत येणं आणि शेवटचं बाहेर जाणं सरळ जोडून टाकलं होतं.

दुसऱ्याच दिवशी भावोजी माझ्या दारात. नोटीस माझ्या हातात कोंबली आणि म्हणाले, "तू कौन्सिलात आहेस ना? मिटवून टाक."

"भावोजी, ही कौन्सिलची नाही. ही खाजगी कंपनी आहे. हा दंडसुद्धा नाही, नुसतं त्यांचं बिल आहे. दिसायला दंडासारखं केलंय मुद्दाम."

"मग तर सोपंच आहे! मंडळातले सगळे म्हणतायत कचऱ्यात टाक. त्यांनी टाकल्यात. काही होत नाही."

"त्यांच्या गाड्या त्यांच्या नावावर आहेत. तुमची लीजवर आहे. ही नोटीस आधी लीजवाल्यांकडे गेलीय. ते भांडत बसत नाहीत, पैसे भरून मोकळे होतात आणि तुमच्या ऑफिसला कळवतात. की तुमची तिसरी नोटीस मोजली गेली आणि गाडी गेली."

हे ऐकून ते टेकले. माझ्या सोफ्याच्या हातावर, पण टेकले. "गाडी गेली तर कसं चालेल?" त्यांनी विचारलं. "शनिवारी हीथ्रोला दोन फेऱ्या आहेत. काकूंचे डोळे दाखवायचेत." पैशाचं त्यांना काही नव्हतं, ते म्हणाले दुप्पट भरतो. पण गाडीशिवायचे भावोजी कसे दिसतील हे मलाही डोळ्यांसमोर आणता येईना, आणि मी मनातून हलले. म्हटलं, थांबा, आपण भांडू.

लीजवाल्यांना फोन करकरून मी दोन आठवड्यांची मुदत मिळवली. त्या मुदतीत पार्किंगवाल्यांनी नोटीस मागे घेतली तर ठीक, नाहीतर लीजवाले पैसे भरणार. दोन आठवडे भावोजींनी मला रोज सकाळी, दुपारी आणि रात्री एकच प्रश्न विचारला, "झालं का?" आणि उत्तराआधी फोन ठेवला. मुद्दा तसा सरळ होता. सकाळ आणि दुपारच्या मधे ते रिटेल पार्कात नव्हते, लोकांच्या घरी सोनं वाटत होते. ज्यांच्याकडे गेले त्यांनी तसं दोन ओळींत लिहून दिलं की काम फत्ते. मी ताईला सांगितलं, "चारही घरांना फोन कर. म्हणावं एवढंच लिहा, अमुक वाजता आले, पान दिलं, गेले." चार घरं, चार वेगळ्या वेळा. इतकी सोपी केस मी माझ्या नोकरीत पाहिलेली नाही, आणि मी तसं ताईला छातीठोकपणे सांगितलंही.

चार दिवसांत चारही पत्रं आली. लोकांनी काय जीव लावून लिहिली होती! मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती पसरली, वाचायला लागले, आणि कपाळावर हात मारून घेतला.

मंडळाच्या माजी अध्यक्षांनी लेटरहेडवर, तीन परिच्छेदांत कळवलं होतं की सदर गृहस्थ दुपारी बारापासून जवळजवळ दोनपर्यंत आमच्या निवासस्थानी उपस्थित होते, त्यांनी सहकुटुंब भोजनाचा आस्वाद घेतला आणि नंतर हॉलच्या बुकिंगसंबंधी चर्चेत मोलाचा भाग घेतला. नागपूरहून नुकत्याच आलेल्या जोडप्याने लिहिलं होतं की ते साडेबाराला आले, पोटभर तर्री-पोहे खाल्ले, चहा दोनदा झाला, आणि आमच्या सासूबाईंशी निवांत गप्पा मारून दीडला निघाले. एका घरात चार सॉफ्टवेअरवाली पोरं भाड्याने राहतात, त्यांनी तर भावोजींना बाराच्या सुमाराला सोफ्यावर आडवं करून क्रिकेट दाखवलं होतं आणि खिचडी खिलवली होती. आणि देशपांडेकाकूंनी, म्हणजे डोळे दाखवायचे होते त्या काकूंनी, आपल्या थरथरत्या सुबक अक्षरात लिहिलं होतं की ते बाराला आले, सावकाश जेवले, श्रीखंड मागून घेतलं, आणि जेवणानंतर माझ्या मिस्टरांच्या खुर्चीत थोडा वेळ डोळे मिटून पडले.

म्हणजे त्या एका दुपारी एकाच वेळी भावोजी चार घरांत होते, चारदा जेवले होते आणि दोनदा आडवे झाले होते. ज्या माणसाने दोन मिनिटं उभ्याउभ्या पाणी पिऊ नये, तो! मी आधी काकूंना फोन लावला. काकूंच्या मिस्टरांना जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा मँचेस्टरला असतो, आणि वॉटफर्डमध्ये त्यांना शब्दाने कुणी दुखवत नाही. मी गोडीगुलाबीने सुरुवात केली.

"काकू, दसऱ्याला भावोजी नक्की किती वेळ होते हो तुमच्याकडे?"

"लिहिलंय की मी."

"तसं नाही, खरं किती वेळ?"

"खरं काय विचारतेस? तुला माहितीय तो कसा आहे. दारातून पान दिलं, पाया पडला, गेला."

"मग तेच लिहून द्या ना काकू! एवढंच पाहिजे आपल्याला."

मग काकू कडाडल्या. "सणासुदीला माझ्या दारातून माणूस पाण्याचा घोट न घेता गेला, असं मी लिहून देऊ? आणि तेही परक्या लोकांना? शोभेल का गं मला? काय म्हणतील, ही बाई आल्यागेल्याला बस म्हणत नाही?"

"काकू, ते इंग्रज आहेत. त्यांना काही वाटत नाही. आणि गाडी जाईल हो भावोजींची!"

"अगं, मला का कळत नाही? पण हात लिहीत नाही माझा तसं." आणि मग जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "ताट वाढलं होतं मी. तो येणार हे माहीत होतं ना. पुऱ्या तळून, वाढूनच ठेवलं होतं. मग श्रीखंड झाकून ठेवलं फ्रिजात."

बाकीच्यांनाही फोन केले. अध्यक्ष म्हणाले, लेटरहेडवर एकदा गेलेला मजकूर बदलता येत नाही. नागपूरची मुलगी रडवेली झाली, "ताई, माझ्या सासूबाई इथेच आहेत, मी त्यांच्यादेखत कसं लिहू की पाहुणे तसेच गेले?" पोरं म्हणाली, "मावशी, आम्ही त्यांना बसा म्हटलं होतं. शप्पथ. खिचडी होती." कुणी खोटं बोलायला बसलं नव्हतं. पाहुणा उपाशी गेला असं स्वतःच्या सहीने लिहून द्यायला त्यांच्यातला एकही जण धजत नव्हता, एवढंच.

मी ठरवलं की चारही पत्रं बाजूला ठेवायची आणि कॅमेऱ्याच्या चुकीवरच नीट एक पत्र लिहायचं. कॅमेऱ्याचे सकाळचे सगळे फोटो दाखवा म्हणायचं. त्यासाठी मला एक संध्याकाळ हवी होती. ती भावोजींनी दिली तर ना! मी ऑफिसात असताना ते घरी येऊन गेले, माझ्या मुलाने दार उघडलं, त्यांनी टेबलावरची पत्रं उचलली, पाकिटात भरली आणि तडक पोस्टात. मी फोनवर किंचाळलेच, "वाचलीत तरी का तुम्ही?"

"वाचायचं काय? चार घरांनी लिहून दिलंय, अजून काय पाहिजे? मुदत संपत आली होती. तू फार थांबतेस बघ."

मी फोन आपटला. तो त्यांनी आधीच ठेवलेला होता.

पार्किंग कंपनीचं उत्तर आलं ते अतिशय सभ्य होतं. आपण पाठवलेल्या निवेदनांबद्दल आम्ही आभारी आहोत. त्यांवरून असं दिसतं की त्या दुपारी आपण एकाच वेळी चार वेगवेगळ्या पत्त्यांवर जेवत होतात. हे शक्य नसल्याने आम्ही आमच्या कॅमेऱ्यावर विश्वास ठेवत आहोत. आपली मूळ पत्रं सोबत परत पाठवत आहोत. मी पुन्हा लिहिलं, कॅमेऱ्याचं, व्हॅनचं, सगळं लिहिलं. पण मुदत सरली होती. लीजवाल्यांनी पैसे भरले, ऑफिसला कळवलं, आणि तिसरी नोटीस मोजली गेली. कॅमेऱ्याने सकाळी पुसलेलं त्यांचं जाणं आमच्या माणसांनी आपल्या पत्रांत पुन्हा पुसलं होतं. भावोजी निघून गेले होते असं छातीवर हात ठेवून सांगणारं या देशात कुणी नव्हतं.

गाडी न्यायला शनिवारी सकाळी लीजवाल्यांचा माणूस आला. मीही गेले होते, ताईने बोलावलं होतं म्हणून. भावोजी गाडी रिकामी करत होते. कुणाकुणाच्या छत्र्या निघाल्या, एका बाळाचा मोजा, मंडळाचा तबला झाकायचं फडकं, कुणाच्या तरी सासूची विमानातली उशी. ते एकेक काढून ओट्यावर ठेवत होते, आणि मी त्यांना कुठलंच काम इतक्या सावकाश करताना पाहिलेलं नव्हतं. त्या माणसाने सही घेतली, गाडी सुरू केली आणि कोपऱ्यावर सिग्नलला शहाण्यासारखा थांबला. भावोजी बघत होते. "अरे, डावीकडे वळ की," असं ते पुटपुटले, आणि ताई डोळ्यांना पदर लावून आत निघून गेली.

आत आल्यावर त्यांना काय करावं कळेना. खिडकीशी गेले, दाराशी गेले, किल्ल्या चाचपल्या, त्या नव्हत्या. मला बघवेना. ती परत आलेली पत्रं माझ्या पर्समध्ये होती. ती त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "आता तरी वाचा. जायचं तर कुठे नाहीच."

भावोजी सोफ्यावर बसले. अध्यक्षांचं पत्र वाचून खो खो हसले, "मोलाचा भाग! अरे, मी या माणसाला हॉलच्या नावानेच टाळतो!" नागपूरच्या पोह्यांना हसले, पोरांच्या खिचडीला हसले. मग काकूंचं पत्र हातात घेतलं. ते छोटंच होतं, पण वाचायला त्यांना फार वेळ लागला.

"खुर्चीत डोळे मिटून पडले, असं लिहिलंय," ते म्हणाले. "काकांच्या खुर्चीत काकू कुणाला बसू देत नाहीत."

मी त्यांना ताटाचं सांगितलं. सांगायचं नाही असं खरं तर ठरवलं होतं, पण सांगून टाकलं. पुऱ्यांचं, झाकून ठेवलेल्या श्रीखंडाचं. त्यांनी पत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. "मला वाटायचं," शेवटी म्हणाले, "मी लवकर निघतो ते लोकांना बरंच पडत असेल. उगाच त्यांना त्रास नको."

"चार घरं भांडतायत भावोजी, तुम्ही त्यांच्याकडे जेवलात म्हणून. आणि म्हणे त्रास!" मी ओरडलेच.

दुसऱ्या दिवशी रविवारी आम्ही दोघं बसने काकूंकडे गेलो. त्या भागात रविवारी तासाला एकच बस. काकूंनी दार उघडलं, आम्हाला बघितलं, आमच्या मागे रस्त्याकडे बघितलं, गाडी नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "माझ्यामुळे गेली रे." भावोजी म्हणाले, "काकू, गाडी खड्ड्यात जाऊ दे. तुम्ही लिहिलंय मी श्रीखंड मागून घेतलं. कुठाय?" श्रीखंड कुठलं असायला? साधा वरणभात होता, लिंबाचं लोणचं होतं. ते सावकाश जेवले. पाय हलत होता त्यांचा टेबलाखाली, मला दिसत होता, पण उठले नाहीत. जेवण झाल्यावर काकूंनी स्वतः हाताला धरून त्यांना काकांच्या खुर्चीत बसवलं.

वर्षभराने त्यांना दुसरी गाडी मिळाली आणि भावोजी पूर्ववत झाले; परवाच एका सिनेमाचा शेवट मीरालाही सांगता आला नाही, कारण तिलाही ते अर्ध्यातून उठवून घेऊन आले. काकू मात्र नवी गाडी यायच्या थोडे दिवस आधी गेल्या. तेवढं वर्ष दर रविवारी भावोजी बसने त्यांच्याकडे जात होते. पण मला आठवतो तो पहिला रविवार. निघताना काकू फाटकापर्यंत आल्या, आणि समोरच्या बसस्टॉपवर आम्ही उभे राहिलो तरी आत जाईनात. थंडी होती, अंगावर नुसती शाल. भावोजी त्यांच्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभे होते.

"एकदा बसलं ना," ते मला म्हणाले, "की निघताना फार त्रास होतो गं मला. म्हणून मी बसतच नाही. घाई मला आधीपासूनच, पण हे न बसणं पुण्याहून निघालो तेव्हापासूनचं आहे."

बस आली. दार उघडलं, मी चढले, तिकीट काढायला वळले तर भावोजी खालीच. त्यांनी ड्रायव्हरला "सॉरी मेट, नेक्स्ट वन" असं सांगितलं आणि मला म्हणाले, "तू जा. ताईला सांग, मला उशीर होईल." मी खिडकीशी जाऊन बसले. बस हलली तेव्हा ते रस्ता ओलांडून फाटकाशी पोचले होते आणि काकू बहुतेक विचारत होत्या, काय विसरलास म्हणून. काचेतून मला शब्द ऐकू आले नाहीत, पण काकूंनी त्यांच्या दंडाला धरलं आणि दोघं सावकाश घरात गेले.